मंडळातील अबोल भगिनी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी वर्षभराच्या कामाचा गौरव करावा, हारतुरे व्हावेत आणि मग फराळाकडे वळावे, ही आपली रीत. ती मोडण्याचा माझा विचार नाही. परंतु आजच्या कामकाजात शेवटी एक ठराव आहे. ज्या सभासद वर्षभरात भजन म्हणत नाहीत, विणकामाच्या वर्गात काही करून दाखवीत नाहीत, वाचनाच्या बैठकीत बोलत नाहीत, त्यांची नावे पटावरून कमी करावीत, असा तो ठराव आहे. मते घेण्यापूर्वी त्यावर बोलण्याची परवानगी अध्यक्षीणबाईंनी दिली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

ठराव मांडणाऱ्या भगिनींचा त्रागा मला समजतो. हजेरीचे पुस्तक बरीच वर्षे माझ्याकडे आहे. पटावर नावे पुष्कळ. पण सतरंज्या घालणे, पेटी आणणे, वर्गणी गोळा करणे, हळदीकुंकवाचे वाण आणणे, या कामांपुढे पाहावे तर तीच सहा-सात नावे! घरचे सारे आटोपून या भगिनी येतात आणि दमून जातात. समोर मात्र भिंतीला टेकून बसलेली रांग. मग "आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला येतात," असा शब्द एखादीच्या तोंडून निघतो. तो रागाचा शब्द आहे, दुष्टाव्याचा नव्हे.

पण ही काही आपल्याच मंडळाची तऱ्हा नाही. हौसेने एकत्र आलेली माणसे जेथे जेथे आहेत, तेथे हेच दिसते. आजकाल मोबाइलवरही विणकामाचे, बागेचे, पाककृतींचे गट असतात. 2006 साली जेकब नील्सन या डॅनिश अभ्यासकाने अशा गटांविषयी एक ठोकताळा मांडला. शंभरांतील नव्वद जण नुसते पाहतात व वाचतात, नऊ जण कधीमधी काही देतात आणि उरलेला एकच सारखा देत राहतो. हा ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नव्हे. तरी आपल्या पटाकडे पाहिले की तो ओळखीचा वाटतो खरा.

आता एक साधा हिशेब करू. सभेत चाळीसजणी आहेत आणि वेळ एक तासाचा आहे, असे धरा. प्रत्येकीने बोलायचे ठरवले तर वाट्याला दीड मिनिट येईल. सगळ्याच बोलणाऱ्या, मग ऐकणारी कोण? बोलणाऱ्या बाईला सभा कोणी दिली? समोर गप्प बसलेल्यांनीच ना! भजनात पुढे म्हणणारी एक असते. मागे धृपद उचलणाऱ्या नसतील तर तिचा आवाज दुसऱ्या अभंगालाच बसेल. शेगावची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी जाते. तीत मृदंग वाजवणारे थोडे, टाळकरी व पताकाधारी अधिक आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्या सर्वांत अधिक. त्या कडेच्या बाईचे नाव कुठल्या यादीत नसते. म्हणून वारी तिची नाही, असे कोणी म्हणेल काय?

गप्प बसणे म्हणजे रिकामे बसणे, ही आपली समजूतही तपासून पाहिली पाहिजे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी 1991 साली माणसे काम कशी शिकतात यावर एक पुस्तक लिहिले. त्यात आफ्रिकेतील लायबेरिया देशातल्या शिंप्यांची हकीकत आहे. नवा मुलगा दुकानात आला की त्याच्या हाती कात्री देत नाहीत. आधी काजे-बटणे आणि दुमड, मग शिवण, आणि बेतणे सर्वांत शेवटी. काठाकाठाने काम करता करता सबंध कपडा कसा बनतो हे त्याच्या डोळ्यांत भरते. मेक्सिकोतील युकातान भागातल्या सुइणींचीही हकीकत तेथे आहे. सुइणीच्या घरची मुलगी लहानपणापासून येणेजाणे पाहते, बोलणे ऐकते, निरोप पोचवते. पुढे हळूहळू हाताखाली काम करू लागते. तिला समोर बसवून धडा कोणी दिलेला नसतो. आपल्याकडच्या जुन्या सुइणी तरी दुसऱ्या कोणत्या रीतीने तयार झाल्या? कडेला बसणे ही शिकण्याची पहिली पायरी आहे. ती पायरीच काढून टाकली, तर वर चढायचे कोणी?

आपल्या विणकामाच्या वर्गातले एक उदाहरण सांगते. जवळच्या खेड्यातून एक बाई एसटीने येत. दाराशी बसत आणि परतीच्या गाडीच्या वेळेला उठून जात. दोन वर्षांत त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मी एकदा सहज विचारले, तर म्हणाल्या, "मले बोलाले नाई जमत वो बाई, पन आल्याबिगर करमत नाई." पुढे त्याच गावची एक मुलगी वर्गात नाव घालायला आली. तिच्या हातात अर्धवट स्वेटर होता आणि नमुना आपल्याच वर्गातला होता! दाराशी बसणाऱ्या बाईंनी आपल्या ओसरीवर चार-पाच मुलींना विणायला शिकवले होते. आपल्या हजेरीच्या पुस्तकात या कामाला रकाना नाही. आजचा ठराव तेव्हा असता, तर पटावरून पहिले नाव त्यांचेच गेले असते.

येऊन बसणे हे क्षुल्लक मानू नका. 1882 साली पंडिता रमाबाईंनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केला. त्या काळी बायकांच्या सभेला जाण्यावरून रमाबाई रानडे यांना घरच्या वडील बायकांची बोलणी सोसावी लागली. पुढे 1909 साली पुण्याचे सेवासदन निघाले, त्यामागे याच रमाबाई उभ्या होत्या. आजही आपल्या पटावर अशा सुना आहेत की, ज्यांना इथे दोन तास येण्यासाठी घरी चार कामे अगोदर उपसावी लागतात. त्यांनी उंबरठा ओलांडला, हेच त्यांचे वर्षाचे काम समजा.

तरी सगळेच मौन सारखे नसते, हेही मान्य केले पाहिजे. एक मौन आवडीचे असते. ऐकण्यात ज्यांना सुख आहे, त्यांना उठवून बोलावयास लावणे हा जुलूम होय. दुसरे मौन मात्र जागा न मिळाल्याचे असते. चारजणी सराईतपणे बोलू लागल्या की पाचवीचे शब्द ओठांवरच राहतात. आपली भाषा शुद्ध नाही, कोणी हसेल, ही भीतीही असते. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या! हजाराहून जास्त गावांतल्या बायकांनी त्या गाइल्या आहेत. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ही संस्था त्या लोकांपुढे आणीत आहे. चारचौघांत ज्यांनी तोंड उघडले नसेल, अशा कितीतरी जणींजवळ हा ठेवा होता. कोणी शेजारी बसून आपुलकीने विचारले, तेव्हा तो बाहेर आला. तेव्हा एखादी का बोलत नाही असे म्हणताना, तिला विचारले कोणी आणि कसे, हाही प्रश्न आपण आपल्याला विचारावा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या आणि बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबेही आली. आपल्या पुढे होऊन काम करणाऱ्या भगिनींत पुष्कळशा अशा बदलीच्या घरच्या आहेत. त्यांच्या उत्साहावर मंडळ चालते, हे मी ऋणपूर्वक सांगते. पण हुकूम आला की त्यांना जावे लागते. मागे राहतात त्या भिंतीला टेकून बसणाऱ्या, इथल्याच मातीतल्या. त्यांची नावे खोडली, तर पाच वर्षांनी पेटीची किल्ली कोणाच्या हाती द्यायची?

म्हणून ठरावाऐवजी माझ्या चार सूचना आहेत. पहिली, कोणाचेही नाव कमी करू नये. दुसरी, "कोणी करील का?" असे सभेत मोघम विचारू नये. तसे विचारले की ज्या नेहमी हात वर करतात, त्यांचेच हात वर होतात. एकीला नाव घेऊन, बाजूला बोलावून, झेपेल एवढेच काम सांगावे. वाती वळणे असो की पुस्तकांवर क्रमांक घालणे असो. तिसरी, प्रत्येक काम करणाऱ्या भगिनीने आपल्या हाताखाली एक नवी सोबतीण घ्यावी. म्हणजे तिचा भारही हलका होईल आणि काम खंडणार नाही. चौथी, वाचनाच्या बैठकीत सराईत बोलणाऱ्यांनी शेवटी बोलावे आणि नवख्या भगिनीला आधी वाव द्यावा.

आणि अबोल भगिनींनो, तुम्हालाही एक विनंती आहे. भाषण करू नका, पुढे येऊ नका, हवे तर दाराशीच बसा. पण वर्षातून एकदा तरी आमच्यापैकी एकीच्या कानात सांगा, काय आवडले, काय खटकले आणि इथून काय घरी नेले. दमून गेलेल्या बाईला तेवढ्या एका शब्दाने पुढच्या वर्षाचे बळ येते. तुमचे मौन आम्हाला चालेल. पण त्या मौनाचा अर्थ आम्हाला कधी कळूच नये, हे बरे नव्हे.

ठराव मताला टाकताना प्रत्येकीने आपल्या शेजारी बसलेल्या भगिनीकडे एकदा पाहावे आणि मग हात वर करावा, एवढेच माझे मागणे आहे.