चूक पडद्यावर, तपशील पडद्यामागे



ऑनलाइन अर्ज भरताना काही चूक झाली, तर कधी कधी पडद्यावर अगम्य मजकूर उमटतो.
त्यात डेटाबेसमधल्या टेबलचं नाव असतं.
कॉलमचं नाव असतं.
कधी तर डेटाबेसला दिलेली अख्खी आज्ञा, म्हणजे एसक्यूएल क्वेरीच दिसते.

आपल्याला त्यातलं काही कळत नाही.
घुसखोराला मात्र घराचा नकाशाच मिळतो.

तो अर्जात मुद्दाम एखादं अवतरणचिन्ह टाकतो.
उमटलेला संदेश वाचतो.
आणि आत शिरायची वाट शोधतो.
या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

मग काहीच सांगू नये का?
तसंही नाही.
नुसतं ‘चूक झाली’ म्हटलं, तर माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो.

चांगला संदेश असा असतो.
‘तुमचा अर्ज जतन झाला नाही.
थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.
मदत हवी असल्यास हा संदर्भ क्रमांक सांगा.’

तोच क्रमांक सर्व्हरवरच्या लॉगमध्ये नोंदलेला असतो.
दुरुस्ती करणाऱ्याला पूर्ण तपशील तिथे मिळतो.

म्हणून, संगणक प्रणाली बनवणाऱ्या मित्रांनो,
वापरणाऱ्याला पुढचं पाऊल सांगा.
तांत्रिक तपशील लॉगमध्येच ठेवा.

आणि श्रोतेहो,
असा तांत्रिक मजकूर दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट सगळीकडे पाठवू नका.
थेट त्या सेवेच्या मदत केंद्राला कळवा.