ओनामासी ते नव्व्याण्णव : इयत्ता पहिलीच्या वर्षअखेरीचा विचार

(पाठशाळेच्या पालक मेळाव्यातील भाषण, हिंगणा)



भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना विद्यादान केले, ही कथा जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ब्राह्मीला लिपी मिळाली, सुंदरीला अंक मिळाले. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ही कथा वर्णिली आहे. अक्षर आणि अंक यांच्या पायावरच इतर सर्व विद्या उभ्या राहतात, हा तिचा आशय. मराठीत आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात. हा शब्ददेखील ‘ॐ नमः सिद्धम्’ या, विद्यारंभी मुलांकडून गिरवून घेतल्या जाणाऱ्या वंदनेतून आलेला आहे.

आजच्या शाळेत या दोन विद्यांची पहिली कसोटी इयत्ता पहिलीच्या अखेरीस लागते. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. त्यात पहिलीच्या मुलाकडून असलेली अपेक्षा मोजक्या शब्दांत सांगितली आहे. पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये त्याला वाचता यावीत. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. सोपी बेरीज-वजाबाकी करता यावी.

यातील ‘पूर्वी न पाहिलेला’ हे शब्द पालकांनी विशेष लक्षात घ्यावेत. बालकांची स्मरणशक्ती विलक्षण असते. णमोकार मंत्राची ३५ अक्षरे तीन वर्षांचे मूलही अचूक म्हणते आणि त्याचा सर्वांना सार्थ अभिमान वाटतो. परंतु पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. पाठ्यपुस्तकातील धडा खडाखडा म्हणणारे मूल पुष्कळदा चित्र पाहून, ऐकलेलेच म्हणत असते. त्याची परीक्षा सोपी आहे. ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून तो विचारावा. किंवा बाजारात जाताना दुकानाची पाटी, बसवरील ‘हिंगणा’ वा ‘वानाडोंगरी’ ही नावे वाचावयास सांगावीत. अक्षरे जुळवत, अडखळत का होईना, मूल ती वाचू लागले म्हणजे ब्राह्मीची विद्या त्याच्या हाती आली.

ही वाट मोठ्यांना वाटते तितकी सरळ नाही. ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढावयाची आणि उच्चारावयाची मात्र नंतर. संख्यांतही असाच उलटा क्रम आहे. ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो. लिहिताना दशक आधी येतो. म्हणून मूल २१ ऐवजी १२ लिहिते. ‘एकोणतीस’ ऐकताच त्याच्या कानी ‘तीस’ पडते आणि ते ३९ लिहून मोकळे होते. अशा वेळी त्याला ‘मठ्ठ’ म्हणणे हा अन्याय होय. २०१९ मध्ये बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वेळी गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण मांडली होती. शेजारच्या कानडी आणि तेलुगू भाषांत दशक आधीच उच्चारला जातो. पद्धत कोणतीही असो, मुलाच्या हातून दहा-दहा चिंचोक्यांच्या राशी करवून घ्याव्यात. दोन राशी आणि वर एक चिंचोका असे त्याने स्वतः मांडले, की २१ चा अर्थ त्याला उमगतो.

हिंगण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. येथील औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतांतून आलेली अनेक कुटुंबे परिसरात स्थिरावली. जैन समाजातही कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी मारवाडी, गुजराती वा हिंदी. घरी ‘उनतीस’ आणि वर्गात ‘एकोणतीस’ ऐकणाऱ्या मुलाला एकाच संख्येची दोन नावे सांभाळावी लागतात. त्याला थोडा अधिक अवधी द्यावा. घरची भाषा त्याच्या मार्गातील अडथळा नाही. समजावून सांगण्याचे ते साधन आहे.

पहिलीत कोणीही नापास होत नाही. ही तरतूद मुलाच्या हिताचीच आहे. पण त्यामुळे न वाचता येणारे मूलही निमूटपणे दुसरीत जाते. तिसरीनंतर सर्वच विषय वाचून शिकावयाचे असतात. तेव्हा मागे राहिलेले मूल भाषा, गणित, परिसर अभ्यास या सर्वांत मागे पडते आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का घेऊन वावरते. पहिलीच्या अखेरीस काही आठवड्यांत भरून निघणारी उणीव पुढे वर्षानुवर्षे सलते.

विदर्भात उन्हाळ्याची सुटी दीर्घ असते. शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. या काळात सराव तुटला तर नुकतेच शिकलेले विरून जाते. घरोघरी रोज पंधरा मिनिटांचे वाचन आणि मोजणी एवढे पुरेसे आहे. पाठशाळेच्या संस्कार शिबिरातही पाठांतराच्या जोडीला प्रत्येक बालकाकडून एक नवी ओळ वाचून घ्यावी. शास्त्रदान हे चार दानांपैकी एक. शिबिराचे दार वसाहतीतील कामगारांच्या मुलांसाठीही उघडे ठेवले, तर या दानाला खरा अर्थ लाभेल.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी साजरी होते. मुखोद्गत ज्ञान क्षीण होऊ लागले तेव्हा आचार्य धरसेनांनी ते पुष्पदंत आणि भूतबली या शिष्यांना दिले व षट्खंडागम ग्रंथबद्ध झाला, त्याचे हे स्मरण. या पर्वाला शास्त्रपूजन झाल्यावर पहिली उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीने समाजासमोर एक अपरिचित वाक्य स्वतः वाचावे. ज्याला ते जमणार नाही, त्याला हसू नये. त्याच्या शेजारी बसण्यासाठी एका श्रावकाने वा श्राविकेने त्याच दिवशी पुढे यावे.

जय जिनेंद्र!