वकीलपत्रावर सही करण्याआधी



नवा मोबाइल घ्यायचा तर मी आठवडाभर माहिती काढतो. पण आपाच्या पोटगीच्या केससाठी वकील ठरवला अर्ध्या तासात. अब्बांच्या ओळखीचे होते, एवढंच बघितलं. साहेब मुख्यतः जमिनीची कामं करणारे निघाले. आठ महिन्यांनी ई-कोर्ट्सच्या ॲपवर रोजनामा वाचला, तर तीन तारखांना वकील गैरहजर! तोवर आपा मुलांची फी उधार घेऊन भरत होती.

म्हणून सांगतो, आधी सनद क्रमांक विचारा. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानेही केसेस शोधता येतात. त्यात कौटुंबिक कामं किती आहेत ते बघा. पहिल्याच भेटीत विचारा : १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली, पोटगीत किती केसेस चालवल्या? तारखेला तुम्ही उभे राहणार की ज्युनिअर? एकूण फी किती, पावती देणार का? ‘निकाल आपलाच’ अशी हमी देणारा टाळा. निकाहनाम्याची झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरी ठेवा.

पैसे नसले तरी अडू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा.

आम्ही वकील बदलला. आता पुढची तारीख आपा स्वतःच ॲपवर बघते आणि मला सांगते.