किती दिवस टिकणार?

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय छापला आहे. तो विषय मी बदलते आहे. आयोजकांना काल रात्रीच विचारलं, ते हो म्हणाले. काल जेवताना आपल्या टेबलावर जे बोलणं झालं, त्यामुळे मला झोप लागली नाही. तेव्हा संगणकाचं नंतर बघू.

काल विषय निघाला शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या बाई सहा वर्षं सहायक प्रशिक्षक होत्या. मोठे सर निवृत्त झाले आणि जूनमध्ये संघ बाईंच्या हाती आला. यंदाच्या शालेय स्पर्धेत मुली पहिल्याच सामन्यात हरल्या, तेही एका डावानं. काल चर्चा सुरू झाली की बाई किती दिवस टिकणार. कुणी म्हणालं, वर्षअखेर. कुणी म्हणालं, "मार्चपर्यंत टिकल्या तर सगळ्यांना माझ्याकडून मिसळ." आपण हसलो. मीही हसले. मग कुणीतरी म्हणालं, खेळ निधी आपण देतो, तर पुढचा हप्ता देण्याआधी संस्थेला एक पत्र देऊ. तिथे माझं हसू थांबलं. का, ते पुढे सांगते.

आधी एका दुसऱ्या प्रशिक्षकाबद्दल बोलू, म्हणजे घरातलं माणूस मध्ये न आणता विचार करता येईल.

अमोल मुझुमदार. आपल्या वयाच्या सगळ्यांना हे नाव ठाऊक आहे. १९८८ मध्ये शारदाश्रमकडून तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसलेला मुलगा तो हाच. पुढे रणजी पदार्पणात २६०. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं, आणि भारताकडून एकही सामना नाही. २०२१ मध्ये ते मुंबईचे प्रशिक्षक झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे.

ती खुर्ची कशी होती तेही बघा. पूर्णिमा राव यांना २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर बाजूला केलं. तुषार आरोठे आले, संघ लॉर्ड्सवर अंतिम सामन्यापर्यंत गेला, ९ धावांनी हरला. पुढच्या वर्षी आरोठेंनी राजीनामा दिला. मग रमेश पोवार, मग डब्ल्यू. व्ही. रामन, मग पुन्हा पोवार. डिसेंबर २०२२ मध्ये पोवार गेल्यावर कित्येक महिने पूर्णवेळ प्रशिक्षकच नव्हता. अशा जागी मुझुमदार आले. ऑक्टोबर २०२४ च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच बाहेर पडला आणि 'आता हे किती दिवस' ही चर्चा सुरू झाली.

आणि मग गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा विश्वचषक. आपल्याच देशात. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून ३ गडी राखून पराभव. तिथेच ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण ३३० धावा केल्या, त्याही त्यांनी पार केल्या. १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध जिंकत आलेला सामना ४ धावांनी गेला. नरकचतुर्दशीच्या आदली रात्र. मी स्वयंपाकघरात चकल्यांचा डबा भरत होते, सामना संपला आणि मी नवऱ्याला म्हणाले, "या कोचला आता घरी बसवा." मी आयुष्यात क्रिकेटची बॅट धरलेली नाही. पण बोलले, अगदी अधिकारानं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. इंग्लंडविरुद्ध एक जादा गोलंदाज हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं होतं. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतलं आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा आपण पार केल्या, त्यात तिच्या नाबाद १२७. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. हरमनप्रीत मैदानात मुझुमदारांच्या पाया पडली, तेव्हा आमच्या घरी मी टीव्हीसमोर रडत होते. दोनच आठवड्यांपूर्वी मी त्यांना घरी बसवलं होतं!

आता तुम्ही म्हणाल, शेवटी जिंकले ना, म्हणून ही बाई त्यांची बाजू घेते आहे. नेमकं हेच मला नको आहे. समजा, अंतिम सामना ४ धावांनी गेला असता. मुझुमदारांनी दोन वर्षांत केलेलं काम तेवढंच राहिलं असतं. त्यांना काढावं की ठेवावं हे एका रात्रीच्या निकालावर ठरवायचं असेल, तर जिंकल्यावर केलेलं कौतुकही तितकंच पोकळ आहे.

इथे थोडी इंजिनिअर होते, चालवून घ्या. मी लॅपटॉपवर एक छोटा हिशेब केला. एक चांगला संघ धरा, दहातले ६ सामने जिंकणारा. असा संघ २० सामने खेळला, तर त्यात कुठेतरी सलग तीन पराभव येण्याची शक्यता किती? मला वाटलं, शेकडा दहा-पंधरा. उत्तर आलं निम्म्याहून जास्त. कुणाची काही चूक नसताना, निव्वळ योगायोगानं. आणि आपण सलग तीन पराभव पाहिले की लगेच कारण शोधतो. हाताशी असलेलं सोपं कारण म्हणजे प्रशिक्षक, कारण अकरा खेळाडू बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो.

बदलल्यावर काय होतं तेही पाहू. चंद्रकांत पंडित मुंबईचे प्रशिक्षक असताना मुंबईनं २०१५-१६ ची रणजी जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुजरातकडून हार. मुंबईनं पंडितांना ठेवलं नाही. ते विदर्भाकडे गेले आणि विदर्भानं लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली. इकडे मुंबईत समीर दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार आणि मग मुझुमदार, असे चार वर्षांत पाच प्रशिक्षक. २०२२ मध्ये मुझुमदारांची मुंबई अंतिम फेरीत पोहोचली, तर समोर मध्य प्रदेश, आणि त्यांचे प्रशिक्षक कोण? पंडितच. मध्य प्रदेश जिंकला.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. प्रोग्राम बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते बघायचं. सगळं एकदम बदललं तर बिघाड कशानं होता हे कधीच कळत नाही. प्रशिक्षक बदलला की सराव बदलतो, जागा बदलतात, मुलींची सवय बदलते. सगळं एकदम. इंदूरनंतर संघानं मात्र एक जागा बदलली आणि बाकीचं चालू ठेवलं.

आता मला झोप का लागली नाही ते सांगते.

आम्ही नववीत होतो. मी खो-खो संघात होते. खेळाडू बेताचीच, खुंटाजवळ बसायचे. त्या वर्षी एका सहायक सरांना बढती देऊन संघ दिला होता. सर सकाळी सहाला मैदानावर असायचे, चुन्यानं रेषा स्वतः आखायचे. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. शाळेत कुजबुज सुरू झाली. वरच्या वर्गातली मुलं विचारायची, "तुमचे सर किती दिवस?" मग काही पालक म्हणू लागले, सरच जाणार तर मुलीला सकाळी सहाला कशाला पाठवायचं? सरावाला मुली कमी झाल्या. दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा हरलो. झालं, सगळ्यांना खात्रीच पटली. कुजबुजीनं स्वतःच स्वतःला खरं करून दाखवलं. हे आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं.

सर बदलून द्या, असा अर्ज आम्ही मुलींनी मुख्याध्यापकांना दिला. अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. 'सरांना खेळातले डावपेच कळत नाहीत' हे वाक्य माझं. खरं तर आमच्या तीन चांगल्या धावपटू मुलींना घरच्यांनी खेळणं बंद करायला लावलं होतं, आणि पावसाळ्यात मैदानात पाणी साचून महिनाभर सराव झाला नव्हता. हे मला माहीत होतं. अर्जात मी ते लिहिलं नाही.

सरांकडचा संघ गेला. ते पाचवी-सहावीला भूगोल शिकवत राहिले. नवे सर आले. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पहिल्याच फेरीत हरलो.

बऱ्याच वर्षांनी सर मला रविवार कारंजावर भेटले. मी वाकून नमस्कार केला. घरचं, नोकरीचं विचारलं, मुलांचं विचारलं. निघताना म्हणाले, "अक्षर अजून तसंच छान आहे का गं?" बस्स, एवढंच. त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. माफी मागायला मला तोंड उघडता आलं नाही, आणि नंतर तशी संधी आली नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर बोलते आहे.

प्रशिक्षक कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. मुलींना मारहाण झाली, अपमान झाला, तर एक दिवसही थांबू नका. पण तसं काही नसेल, तर निकालाऐवजी तीन गोष्टी विचारूया. सराव नियमित होतो का? जून महिन्यात आलेल्या मुली डिसेंबरमध्ये टिकल्या आहेत का? आणि एखादी गोष्ट चुकली तर पुढच्या वेळी ती बदललेली दिसते का? याची उत्तरं जेवणाच्या टेबलावर मिळत नाहीत. मैदानावर जावं लागतं.

मी परवा सकाळी गेले होते. साडेसहाला २२ मुली होत्या. बाई म्हणाल्या, जूनमध्ये १४ होत्या. हरलेल्या सामन्यात पळतीच्या वेळी मुली लवकर बाद होत होत्या, म्हणून आता रोज अर्धा तास फक्त पळती घेतात. मला खो-खोतलं फार कळत नाही, पण वाढलेल्या ८ मुली मोजता येतात. आज मी हे बोलणार, हे बाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "बोला. फक्त हरलेल्या सामन्यात कोण कुठे चुकलं, त्या मुलींची नावं नकोत." ज्या प्रशिक्षकाला हे आधी सुचतं, त्यांना वेळ द्यायला मी तयार आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. खेळ निधी आपण तीन वर्षांसाठी एकदम ठरवून देऊ, आणि तो निकालाला बांधायचा नाही. या तीन वर्षांत प्रशिक्षक बदलण्याविषयी संस्थेला आपल्याकडून पत्र जाणार नाही. आणि जे नाशिकमध्ये राहतात, त्यांनी महिन्यातून एकदा सकाळी साडेसहाला मैदानावर यायचं. बोलायला नको, रेषा आखायला या. चुना मी आणते.

हे सगळं लिहिलेला एक कागद बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे. पटलं तर सही करा. नाही पटलं तर माझ्याशी भांडा, पण सकाळचा सराव एकदा बघून मग भांडा. अक्षर ओळखीचं वाटेल. हाही अर्ज मीच लिहिला आहे.

आणि काल ज्यांनी पैज लावली, त्यांनी मार्चमध्ये मिसळीची तयारी ठेवावी. २२ मुलींसाठी.