माळावरील निरीक्षण
(निरवांगी येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आफ्रिकेचा पाठ शिकविताना आपण मुलांपुढे टांझानियातील सेरेंगेटीचे चित्र उभे करतो. तेथे दहा लाखांहून अधिक नू नावाची जनावरे पाऊस आणि गवत यांच्या मागोमाग फिरतात, सिंह व तरस त्यांच्या मागावर असतात, आणि देशोदेशीचे लोक मोटारींतून ते पाहण्यास जातात. वर्णन खरेच आहे. परंतु रानपशू पाहावयाचे ते परदेशातच, अशी निरवांगीच्या मुलाची समजूत झाली तर तो दोष आपला होय.

आपल्याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. तेथे आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनखात्याने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड हे तेथील रहिवासी. या माळास आपण ‘पडीक’ म्हणतो. जुन्या ओव्या व चरित्रग्रंथ तपासून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन मात्र सांगते की, पश्चिम महाराष्ट्रातील हा गवत व विरळ काटेरी झाडांचा प्रदेश निदान साडेसातशे वर्षे असाच आहे. म्हणजे हे तुटलेले जंगल नव्हे.

येथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका धनगराच्या मुलाने हरणाच्या मादीस शिंगे असतात असे लिहिले. मी त्यावर तांबडी फुली मारली. काळविटाची मादी बहुधा बिनशिंगी असते, तेवढेच मला ठाऊक होते. पुढे काही वर्षांनी हिवराच्या सावलीत पाडसाला पाजणारी चिंकारा मी स्वतः पाहिली. तिच्या मस्तकावर दोन बारीक, आखूड शिंगे होती! मुलाने पाहून लिहिले होते, मी वाचून तपासले होते.

तेव्हा मुलांना अवश्य न्यावे, पण वनखात्यास कळवून आणि दहा-बारांच्या तुकडीने. सूर्योदयापूर्वी पोहोचावे. वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूस बसावे. गावची कुत्री मागे येऊ देऊ नयेत; ती चिंकाऱ्याच्या मागे लागतात. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही आणि मुले चुळबुळ करतात. त्या वेळी व्याख्यान देण्याचा मोह आवरणे शिक्षकासच अधिक कठीण जाते. चिंकारा भ्याला म्हणजे नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो. तो ऐकू आला तर आपण फार जवळ गेलो असे समजावे. मेंढपाळांची मुले पुढे बसवावीत. वर्गात ती बहुधा मागे असतात.

लांडग्याविषयी बोलताना जपावे. ज्याच्या घरचे कोकरू कालच गेले, त्या मुलास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची कलमे ऐकवू नयेत. आधी त्याचे ऐकावे. वनखात्याकडून अशा हानीची भरपाई मिळू शकते. मात्र विलंब न लावता कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि पुष्कळ घरांत अर्ज लिहिणारे कोणी नसते. अर्जलेखनाचा पाठ आपल्याकडे आहेच. पुस्तकातील रजेच्या अर्जाऐवजी एकदा हा अर्ज फळ्यावर घ्यावा.