हे ओझं दिलं कुणी?

(रेवदंडा-कोर्लई परिसरातील बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

आज मी कायद्याबद्दल बोलणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, हे आपण मागच्या बैठकीत पाहिलं. आज बोलायचंय ते त्याही आधी बाई जिथे अडते त्याबद्दल. 'माझंच काहीतरी चुकलं असणार', या एका वाक्याबद्दल.

आपल्या किनाऱ्यावरच्याच एका गावातली बाई माझ्याकडे आली होती. नवरा मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. त्या पहाटे दारूच्या पैशांवरून दोघांचं भांडण झालं होतं. सासू म्हणाली, हिचा पायगुणच वाईट. घर ख्रिस्ती, रविवारी सगळे मिस्साला जाणारे. पण पायगुण काही त्या घराबाहेर गेला नव्हता! वर्षभर ती बाई मिस्साला शेवटच्या बाकावर बसायची. म्हणायची, "ताई, मी भांडले नसते तर तो आला असता."

हे ओझं नवं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकात लिहिलं, की नवरा मेला तर तो बायकोच्या मागच्या जन्मीच्या पापाचा परिणाम मानला जातो. कोवळ्या मुलींनाही हेच सांगितलं जाई. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या होत्या. पुढे इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनजवळच्या फुलहॅम इथं जोगिणींनी चालवलेलं एक घर पाहिलं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे मायेनं वागवत होते. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कुठून? तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. जिच्याशी कुणी बोलत नसे, तिच्याशी येशू बरोबरीनं बोलला, ती गोष्ट. १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही सुमारे आठ वर्षं मन निवलं नव्हतं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे धर्म बदलला की मनावरचा भार आपोआप उतरतो, असं नाही.

त्या बाईबरोबर मी योहानाच्या शुभवर्तमानातली जन्मांध माणसाची गोष्ट वाचली. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. तिनं ती गोष्ट मला दोनदा वाचायला लावली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे वादळ माझ्या भांडणानं नाही आलं." त्या दिवशी ती पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली. तोवर ती फक्त स्वतःला शिव्या देत होती.

पण मैत्रिणींनो, प्रत्येक अपराधी भावना खोटी असते असंही नाही. हे मी माझ्यावरून सांगते.

एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकती कामाला लागले होते. मार खाऊन आलेल्या एका बाईला मी म्हटलं, "मुलं लहान आहेत, थोडं सांभाळून घे." पंधरा दिवसांनी ती मोडलेला हात घेऊन इस्पितळात होती. सहकारी म्हणाले, तुझा काय दोष, मारलं त्यानं. मारलं त्यानंच, पण तिला परत मी पाठवलं होतं. 'तुझा दोष नाही' या समजुतीनं मला झोप लागेना, कारण ती खरी नव्हती. हे काम सोडावं, आपली लायकी नाही, असंच वाटत राही.

मला वाट दिसली ती पेत्राच्या गोष्टीत. पेत्र कोळी, आपल्यातलाच. शेकोटीपाशी उभं राहून त्यानं तीनदा येशूला ओळखत नसल्याचं सांगितलं. पुढे एका सकाळी सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून येशू त्याला न्याहारीला बोलावतो. चूक झालीच नाही, असं म्हणत नाही. त्याला टाकूनही देत नाही. तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे ना? आणि प्रत्येक वेळी काम सोपवतो.

मी पापनिवेदन केलं. पण तिथेच थांबले असते तर ते सोयीचं झालं असतं. मी त्या बाईकडे गेले आणि म्हटलं, "माझं चुकलं." ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता पुढच्या बाईला नको सांगूस तसं." हीच माझी शिक्षा आणि हीच माझी क्षमा. आज कुणीही आली तरी माझा पहिला प्रश्न असतो, परत गेलीस तर जिवाला धोका आहे का?

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. 'क्षमा कर' असं सांगून बायकांना मारणाऱ्याच्या घरी परत पाठवलं जातं. धर्माच्या नावानंही पाठवलं जातं. क्षमा म्हणजे पुन्हा मार खायला पाठ देणं नव्हे. ज्या मंडळींनी रमाबाईंना बाप्तिस्मा दिला, त्यांच्याशीही त्या आपल्या विवेकाला न पटणाऱ्या गोष्टींवर वाद घालत राहिल्या. श्रद्धा आणि ताठ कणा एकत्र नांदू शकतात.

मी तुम्हाला ख्रिस्ती व्हायला सांगत नाही. माझा हिशेब कुठे सुटला तेवढं सांगितलं. पण पुढच्या वेळी कुणी म्हणाली, 'माझंच चुकलं', तर तिला लगेच 'नाही गं' म्हणून गप्प करू नका. शेजारी बसा आणि विचारा, हे ओझं तुला दिलं कुणी? दुसऱ्यानं दिलं असेल तर तिथेच उतरवू या. तिचं स्वतःचं असेल, तर भरपाई करायला तिच्यासोबत चालू या.