दोन खोल्यांतील व्यायाम



आमचें मूळचें घर परतवाड्याचें. सातपुड्याच्या पायथ्याशीं, अचलपुराला लागून असलेलें हें गांव. येथूनच चिखलदर्‍याकडे घाटाचा रस्ता जातो. तेथें घरापुढें अंगण होतें, आणि बाजार करावयाचा तो पायींच. व्यायाम हा शब्द आमच्या घरांत फारसा कोणी उच्चारीत नसे. कारण त्याची वाण कधीं पडली नाहीं.

पुढें नोकरीनिमित्त आम्ही मुंबईस आलों. दादरला तिसर्‍या मजल्यावर दोन खोल्या. त्यांत आम्ही उभयतां, दोन मुलें आणि मागाहून आलेल्या सासूबाई. यजमानांचा दिवस लोकलमध्यें उभ्यानें जाई, मुलांचा शाळा व शिकवणी यांत, आणि सासूबाईंचा खिडकीशीं बसून. थोडें फिरत जा, असें म्हटलें कीं त्या म्हणत, "अवं पोरी, इथं चालाले जागा कुठी हाय?"

वर्षानें परतवाड्याहून लग्नाचें निमंत्रण आलें. निघते वेळीं सासूबाई एक मजला उतरल्या आणि जिन्यावरच बसल्या. गुडघे उचलेनात. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, "रोग कांहींच नाहीं, पाय वापरांत नाहींत, एवढेंच." त्या रात्रीं त्यांनीं मला हळूच विचारलें, आपलें अंगण आतां पुन्हां दिसेल काय? मला उत्तर देतां आलें नाहीं.

मला आमचीच लाज वाटली. ज्या अमरावतींत १९१४ सालीं हनुमान आखाड्याची स्थापना झाली, आणि जेथील मंडळींनीं १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ जगाला दाखविले, त्या जिल्ह्यांतलीं आम्ही माणसें जागेचें निमित्त सांगत होतों! औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्या सूर्यनमस्कारांचा हिरीरीनें प्रसार केला, त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांना आठवड्यास निदान १५० मिनिटें आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटें शारीरिक हालचाल सांगितली आहे. १५० मिनिटें म्हणजे पांच दिवस रोज अर्धा तास. तेवढा वेळ तर आम्ही जागेविषयीं कुरकुरण्यांत घालवीत होतों.

यजमान व मुलें पहांटे नमस्कार घालूं लागलीं. सासूबाईंसाठीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें सज्जाची लांबी ठरली: प्रथम भिंत धरून चार फेर्‍या. पण आठ दिवसांत त्या कंटाळल्या. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, उणीव जागेची नव्हती, सोबतीची होती. गांवीं शेजारीण अंगणांतून हांक मारी, म्हणून पाय निघत. येथें हांक मारणारें कोणी नव्हतें.

खालच्या मजल्यावर एक तमिळ आजी अशाच बसून असत. मीं त्यांना विनंति केली. दुसर्‍या दिवसापासून दोघी सज्जांत फिरूं लागल्या. एक वर्‍हाडी बोले, दुसरी तमिळ. काय समजत असे तें त्यांचें त्या जाणोत! परंतु सहा वाजले कीं हांक ठरलेली. हळूहळू चार फेर्‍यांच्या वीस झाल्या, मग एक जिना, मग शिवाजी पार्कचा कट्टा.

त्या दिवाळीस सासूबाई परतवाड्याच्या घराची पायरी स्वतःच्या पायांनीं चढल्या. अंगणांत पोहोंचल्यावर त्यांनीं पहिली चौकशी केली ती ही: आपल्यामागें खालच्या आजींना सहा वाजतां हांक कोण मारील?

श्रोतेहो, आपल्या जिन्यावरही अशी कोणी बसून असेल. उद्यां तिला एक हांक मारून पाहा.